पिंपातलं पाणी

रोक्कीना पहिल्या भेटीत कुणालाही गरीब गाय वाटते. बुटकी, गोलमटोल, बोलताना समोरच्याचा हात हातात घेणारी. गल्लीत कुणाकडे मयत झालं तर सूपचं पहिलं पातेलं तिच्या घरून जातं, आणि ते परत मागायला ती कधी येत नाही. तिच्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून मी त्याला हातावर धरलं होतं, तेव्हापासून ती मला ‘कुमा’ म्हणते आणि मी तिला. तीस वर्षांच्या शेजारानंतर एवढं खात्रीने सांगते, की ही बाई काहीच विसरत नाही. पातेलंसुद्धा नाही. नुसतं मागत नाही.

तिची नणंद दोनातीना राहते गल्लीच्या पलीकडे, बरोबर समोर. एकीने खिडकी आपटली तर दुसरीच्या घरातलं मांजर दचकतं, एवढंच अंतर. येता-जाता दोघी एकमेकींच्या गालाला गाल लावतात, ईस्टरला गोड पाव पाठवतात. बाहेरच्या माणसाला वाटेल, काय माया आहे!

मायेचं मूळ एकोणतीस वर्षांपूर्वीच्या एका ऑगस्टमध्ये आहे.

तेव्हा रोक्कीना लग्न होऊन दुसऱ्या वर्षात होती आणि तिला दिवस जाऊन दोन महिने झाले होते. सासू मिकेलिनाने ही बातमी पोटात ठेवली नव्हती, अर्ध्या गावाला झाली होती. वर्षभराचा टोमॅटोचा सॉस करून ठेवायच्या दिवशी सगळ्या अंगणात होत्या. लांबट टोमॅटोंच्या पेट्या रिकाम्या करायच्या, धुवायचे, डागाळलेले बाजूला काढायचे, चिरायचे, हंड्यात शिजवायचे, फडक्यात टांगून पाणी निथळवायचं, मग चक्कीतून गर एका तोंडाने आणि सालं दुसऱ्या तोंडाने. बाटलीत बेझिलचं एक पान, वर नरसाळ्याने गर, गळ्याशी दोन बोटं जागा मोकळी, पत्र्याचं बूच दाबून बंद. शेवटी मोठ्या पिंपात गोणपाट अंथरून बाटल्यांचे थर, मध्ये मध्ये चिंध्या, वरपर्यंत पाणी आणि खाली लाकडं. पाण्याला उकळी फुटली की तासभर तसंच उकळू द्यायचं, मग आग आपली आपण विझू द्यायची. बाटल्या दुसऱ्या दिवशी सकाळी थंड पाण्यातूनच बाहेर काढायच्या. घाई केली की संपलं.

त्या वर्षी संध्याकाळी आग विझेपर्यंत पिंपाजवळ बसायचं काम दोनातीनाकडे होतं. दोनातीनाचं तेव्हा साविनोशी ठरलेलं होतं आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या गावात जत्रेचा नाच होता.

सकाळी मिकेलिनाने पिंपात हात घातला तो लाल पाण्यात. पावणेदोनशे बाटल्यांपैकी सत्तरएक फुटलेल्या. वर्षभराच्या रविवारच्या जेवणांमधली जवळजवळ निम्मी त्या पाण्यात तरंगत होती. गल्ली जमली. कुणी काही बोलायच्या आत दोनातीना म्हणाली, “मला काय विचारता? रोक्कीनाला विचारा. माळ्यावर लाल डागांचं फडकं वाळतंय, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.”

पाळीतल्या बाईचा हात लागला की सॉस नासतो, बाटल्या फुटतात, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मी बारी शहरात राहून साहित्यात पदवी घेतली आहे, तरी त्या दिवसांत मीसुद्धा आपणहून अंगणाबाहेर खुर्ची टाकून लसूण सोलत बसायची. हसायचं तर हसा.

पण रोक्कीनावरचा आळ दुहेरी होता. तिची पाळी चालू होती, तर मग ती पोटुशी कशी? म्हणजे दिवस गेल्याचंही खोटंच. दोनातीनाने एका वाक्यात दोन्ही कामं उरकली.

“ते टोमॅटो निथळवायचं फडकं आहे,” रोक्कीना म्हणत राहिली. “काल लाल डाग नसलेलं फडकं कुणाच्या घरी होतं?” सासूने ऐकलं नाही. नवरा कानिओ आईसमोर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा होता. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रोक्कीनाचा गर्भ पडला. तिने पंधरा दिवस अंथरूण धरलं, पण भेटायला कुणी गेलं नाही. नव्हतंच काही, तर भेटायला कशाला जायचं? मीसुद्धा गेले नाही. हे लिहायला मला बरं वाटत नाही.

मला तिने सांगितलं ते खूप वर्षांनी, शेंगा सोलताना. “कुमा, त्या संध्याकाळी आम्ही पाणी पिंपाच्या काठाखाली चार बोटं भरलं होतं. तास-दीड तास उकळल्यावर पाणी आटतं ना?”

“आटतं.”

“सकाळी ते काठोकाठ होतं.”

मी हातातली शेंग खाली ठेवली. कुणीतरी पिंप लवकर निवावं म्हणून तापलेल्या बाटल्यांवर गार पाणी ओतलं होतं. बादल्या भरभरून.

“सासूबाईंना सांगितलं नाहीस?”

“सांगितलं. त्यांनी मुस्काटात दिली.” असं म्हणून ती शेंगा सोलायला लागली.

पुढची अठरा वर्षं दर ऑगस्टला मिकेलिना फाटकात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला विचारायची, “काय गं, आज कशी आहेस?” दोन धडधाकट मुलगे झाले तरी विचारायची. रोक्कीना मान खाली घालून “बरी आहे, मम्मा” म्हणायची आणि तिला बेझिल धुवायला बसवायचे. बाटल्यांना हात नाही.

मिकेलिना गेली. पिंप, चक्की आणि बूच दाबायचं यंत्र थोरल्या मुलाकडे, म्हणजे कानिओकडे आलं. आता अंगण रोक्कीनाचं. मला वाटलं, ती दोनातीनाला फाटकातूनच परत पाठवेल. तिने तसं केलं नाही. “ये ना, तुझ्याशिवाय सॉस कसा होईल?” म्हणाली. फक्त एक गोष्ट मी टिपली. चक्कीतून निघालेली सालं दुसऱ्यांदा पिळली की जो पातळ, कडसर गर येतो ना, तो भरलेल्या बाटल्या दर वर्षी न चुकता दोनातीनाच्या वाट्याला जायच्या. दोनातीना अकरा वर्षं म्हणत राहिली, “काय माहीत, माझ्या हाताला मम्माची चव येतच नाही.” रोक्कीना तिच्या पाठीवरून हात फिरवायची. “वय होतं गं आपलं.”

मी तिला एकदा म्हटलं, “कुमा, आता पुरे की.”

“हे? हे तर नुसतं वाट बघताना विणकाम करतात तसं आहे.”

वाट बघणं गेल्या ऑगस्टमध्ये संपलं.

दोनातीनाचा मुलगा जेरार्दो लांब उत्तरेला, तोरिनोला नोकरी करतो. गेल्या वर्षी तो लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोला सॉससाठी घेऊन आला. इलारिया तिकडचीच, दवाखान्यात फिजिओथेरपी करते, उंच, मोकळं बोलणारी. फाटकातच दोनातीनाने तिला अडवलं. आई गेल्यापासून तो फाटकातला प्रश्न तिने स्वतःकडे घेतला होता. “काय गं, आज कशी आहेस?”

“पोट दुखतंय हो, मम्मा,” इलारिया सरळपणे म्हणाली. “सकाळीच पाळी आली. कुणाकडे गोळी आहे का?”

अंगणात चाकू थांबले. दोनातीनाने तिचा दंड धरला. “हळू बोल! चल, घरी जाऊन पड. जेरार्दो, हिला घरी ने.”

“घरी कशाला? गोळी घेतली की होईल बरं.”

“बाटल्यांना हात लावायचा नसतो अशा वेळी. सगळा सॉस जाईल.”

इलारिया हसलीच. मग कुणीच हसत नाही हे बघून तिचा चेहरा उतरला. “खरंच म्हणताय तुम्ही?”

“खरंच म्हणतेय,” दोनातीना म्हणाली. “या घरात एकदा झालंय. विचार हवं तर.”

मी रोक्कीनाकडे बघत होते. ती टबातून हात काढून एप्रनला पुसत होती. एक एक बोट पुसत होती.

“इलारिया,” ती म्हणाली, “बाटल्या भरशील?”

“भरेन की. सांगा कशा भरायच्या.”

“सगळ्या. पहिलीपासून शेवटचीपर्यंत. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.”

“रोक्कीना, डोकं फिरलंय का तुझं?” दोनातीना ओरडली. “दोनशे बाटल्या! चार घरांचा सॉस आहे!”

झी पेप्पा ही गल्लीतली सगळ्यात जुनी बाई, ब्याऐंशी वर्षांची, सगळ्यांची मावशी. कानाने कमी, पण तोंडाने नाही. ती खुर्चीतून ओरडली, “काय म्हणतेय ती?”

“म्हणतेय, पाळीतली पोरगी सॉस भरणार!” कुणीतरी तिच्या कानात सांगितलं.

“आणि फुटला तर?”

“फुटला तर,” रोक्कीना म्हणाली, “आयुष्यात पुन्हा बाटलीला हात लावणार नाही. पिंप दोनातीनाच्या दारात नेऊन ठेवीन. एकोणतीस वर्षांपूर्वी माझ्याबद्दल जे बोललं गेलं, ते खरं होतं असं मी स्वतः चर्चच्या पायरीवर उभी राहून सांगेन.”

कानिओ पुढे आला आणि बायकोचा चेहरा बघून परत लाकडं फोडायला गेला. ते बरं केलं त्याने.

मला तेव्हा भीती वाटली, खोटं कशाला सांगू? शिकलेली असूनही वाटली. दर वर्षी एखाददुसरी बाटली फुटतेच. जुन्या बिअरच्या बाटल्या, कुठे केसाएवढा तडा असतो, दिसत नाही. रोक्कीनाने त्या दिवशी प्रत्येक बाटली उन्हात धरून बघितली, नखाने वाजवून बघितली. बावीस बाजूला काढल्या. इलारिया भरत होती आणि तिच्याजवळ उभी राहून रोक्कीना दोन बोटं गळ्याला लावून जागा मोजत होती. “थोडं कमी कर, पोरी. श्वास घ्यायला जागा हवी.” प्रत्येक बाटलीला स्वतंत्र चिंधी. जुन्या चादरी फाडल्या, कानिओचा एक चांगला सदराही फाडला. पिंप रचायला दोन तास लागले.

पाणी भरून झालं. तिने चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि पिंपाच्या आतून, पाण्याच्या पातळीवर, एक जाड काळी रेघ ओढली.

“हे काय?” झी पेप्पाने विचारलं.

“पाणी उकळून खाली जातं, झी पेप्पा. वर कधी येत नाही. उद्या सकाळी ते रेघेच्या वर असलं, तर कुणीतरी ओतलं.”

“पण पाणी कशाला कोण ओतेल?”

“एखादीला घाई असते. नाचाला जायची.” मग ती नणंदेकडे वळली आणि अगदी प्रेमाने म्हणाली, “दोनाती, आगीजवळ तू बस. तुला सवय आहे.”

दोनातीनाचा चेहरा मी आजही विसरले नाही. चाकाखाली आलेला टोमॅटो फुटतो ना, तसा. एकोणतीस वर्षं ही बाई आपल्या गालाला गाल लावत होती आणि पहिल्या दिवसापासून तिला सगळं माहीत होतं, हे तिला त्या क्षणी कळलं. उठून जावं तर पळाली म्हणतील. बसावं तर बाटल्या आता तिच्याच माथी. ती बसली. संध्याकाळी सातपर्यंत त्या धुरात बसून तिने एक एक ढलपी मोजून घातली, जसं काही पिंपात तिचंच बाळ निजलंय. जो सॉस फुटावा असं तिला मनापासून वाटत होतं, तोच तिला राखावा लागला. समोर पायरीवर बसून रोक्कीना शेंगा सोलत होती. 

सकाळी गल्ली पुन्हा जमली. पाणी रेघेच्या खाली पाच बोटं. रोक्कीना बाटल्या काढत गेली, मी मोजत गेले. पहिला थर धड, दुसरा धड, तिसराही. अगदी तळाला एक फुटलेली निघाली.

“बघा!” दोनातीना चवड्यांवर उंच झाली. “म्हटलं नव्हतं? बघा!”

“काय गं, एकच?” झी पेप्पा म्हणाली. “तुझी आई सोवळ्यात भरायची तेव्हा आमच्या सहा-सहा फुटायच्या. पोरीचा हात वाईट असता तर एवढा आळशी असता का?”

हसण्याचा असा लोट आला, की इलारियासुद्धा कपाळाला हात लावून हसली. मी बाटल्या मांडत होते तेव्हा तिने रोक्कीनाला बाजूला घेतलं. “मामी, हे तुम्ही माझ्यासाठी केलंत, की मम्मांना धडा शिकवायला?”

“माझ्यासाठी,” रोक्कीना म्हणाली. “तू आयती सापडलीस. राग आला?”

पोरीने विचार केला. “थोडा.”

“येऊ दे. रास्त आहे.”

दोनातीनाने त्या दिवशी चूक केली ती इथे. वाटणीच्या चाळीस बाटल्या समोर आल्या तेव्हा सगळ्यांदेखत तिने हात मागे घेतला. “माझ्या घरात हा सॉस शिजणार नाही.”

“नको शिजवूस,” रोक्कीना म्हणाली आणि बाटल्या परत तळघरात नेल्या.

आमच्या गावात विकतचा सॉस आणणं म्हणजे काय, ते गावातल्या बाईलाच कळेल. नवरा दुसरीकडे गेला तर लोक हळहळतात. विकतचा सॉस आणला तर बोलायचंच थांबतात. नोव्हेंबरपासून तिचा नवरा साविनो दर पंधरवड्याला गाडी काढून तीस किलोमीटरवरच्या बाजारात जायला लागला. आमच्या इथल्या दुकानात दोनातीना पीठ, साबण, सगळं घ्यायची, फक्त ते नाही. काच गोळा करायच्या दिवशी तिच्या पेटीत बाटल्या असायच्या, लेबलं पाण्यात भिजवून खरवडलेली. मी बघितलं. रोक्कीनानेही बघितलं. ती कुणाला काही बोलली नाही. फक्त रविवारी सकाळी साडेआठला कांदा टाकायची, डुकराची फासळी टाकायची, सॉस ओतायची आणि गल्लीकडच्या दोन्ही खिडक्या सताड उघडायची. जानेवारीत, बर्फात. कानिओ टोपी घालून जेवायचा.

नाताळाच्या आधी साविनो मागच्या दाराने आला, कोटाखाली रिकामी पिशवी. “रोक्की, दोन बाटल्या दे. ती मला मारेल, पण दे. मला झेपत नाही ते बाजारातलं.”

“तुला वाढते, बस. जेवून जा. पण बाटल्या जिने परत केल्या तिनेच न्यायच्या. दिवसाउजेडी, पुढच्या दाराने.”

साविनोने तीनदा वाढून घेऊन पास्ता खाल्ला, बशी पावाने पुसली आणि रिकामी पिशवी घेऊन गेला.

ईस्टरला जेरार्दो आणि इलारिया येणार होते. त्यांनी आपला वाटा ऑगस्टमध्येच तोरिनोला नेला होता, म्हणजे मुलाच्या जिभेवर खरा सॉस ताजा होता. पहिल्या घासालाच त्याने आईकडे बघितलं असतं. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी, सकाळी दहा वाजता, आम्ही पाच-सहा जणी रोक्कीनाच्या पायरीवर पावाचं पीठ फुगायची वाट बघत बसलो होतो, तेव्हा दोनातीना गल्ली ओलांडून आली. केस नीट बांधलेले, अंगात चर्चला जायचा कोट.

“माझ्या बाटल्या हव्यात,” ती म्हणाली.

रोक्कीना उठली नाही. “आहेत. हात लावलेला नाही. पाणी कुणी ओतलं?”

दोनातीनाने आमच्याकडे बघितलं. कुणी नजर वळवली नाही, मीसुद्धा नाही.

“मी ओतलं.”

“जरा मोठ्याने. झी पेप्पाला ऐकू येत नाही.”

“मी ओतलं! तीन बादल्या. साविनो मोटारसायकल घेऊन कोपऱ्यावर उभा होता. झालं समाधान?”

“नाही. त्या ऑगस्टमध्ये मी कशी होते?”

हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता.  आत पिठावरचं फडकं हळूहळू वर चढत होतं. मी त्याच्याकडे बघत होते, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

“पोटुशी होतीस,” दोनातीना म्हणाली. या वेळी तिने आवाज आपणहून चढवला होता. “मला माहीत होतं. सकाळी उलट्या व्हायच्या तेव्हा तुझे केस मीच धरायची. माळ्यावरचं फडकं टोमॅटोचं होतं. ते मीच वाळत घातलं होतं.”

झी पेप्पाने क्रूस केला. दोघी-तिघींनी केला. मग त्यातली एक, जी एकोणतीस वर्षांपूर्वी मिकेलिनाच्या शेजारी उभी होती, ती रोक्कीनाजवळ सरकली आणि म्हणाली, “पोरी, तेव्हा यायला हवं होतं गं तुझ्याकडे.” रोक्कीनाने तिचा हात नेहमीसारखा हातात घेतला. डोळे कोरडे होते. मग ती आत गेली, आणि ती व कानिओ दोन बाजूंनी धरून पेटी घेऊन आले. चाळीसच्या चाळीस, पहिल्या गराच्या, दाट लाल. पातळ एकही नव्हती. पेटी त्यांनी पायरीवर ठेवली.

“मग आता मिटलं ना आपलं?” दोनातीनाने विचारलं.

“सॉस तुझ्या भावाच्या घरचा आहे, त्यावर तुझा हक्क आहे. घेऊन जा. माझं माझ्याजवळ राहू दे.”

चाळीस भरलेल्या बाटल्यांची पेटी दोन माणसांनी उचलायची असते. दोनातीना वाकली, तिने ती पोटाशी धरली, चार पावलं गेली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली. दगडी फरशीवर बाटल्या एकमेकींवर खणखणल्या. गल्लीच्या मधोमध ती तिसऱ्यांदा थांबली, कंबरेवर हात ठेवून, आमच्याकडे पाठ करून. मी अर्धी उठले.

“बस, कुमा,” रोक्कीना म्हणाली.

मी बसले.